ब बेंझिनचा

मधुसूदन लासूरकरांना सत्तावीस भाषांत पेट्रोल मागता येत होतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती.

होती ती एक हिरवी सायकल. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतून चिकलठाण्याच्या कारखान्यापर्यंत रोज जाऊन येऊन तिचे टायर कितीदा बदलले त्याचा हिशोब राहिला नव्हता. रविवारी मात्र ती उलट्या दिशेला निघायची. रेल्वे स्टेशनसमोरून वेरूळ-अजिंठ्याच्या गाड्या सुटत. तिथं मधुसूदनराव एक लांबट वही घेऊन उभे राहत. गोरा माणूस दिसला की अदबीनं पुढं होत आणि इंग्रजीत विचारत, आपण कुठल्या देशाचे, आणि तुमच्याकडे मोटारीत जे भरतात त्याला काय म्हणतात.

कुणी हसायचं. कुणी हातानंच बाजूला सारायचं. एका इटालियन बाईला वाटलं, पंपावरचा माणूस गिऱ्हाईक शोधत आलाय. बस आमची नाही, असं तिनं समजावून सांगितलं. पण शेवटी तिनंही शब्द दिला. बेन्झिना. मधुसूदनरावांनी तो तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, देवनागरीत लिहिला आणि वाकून आभार मानले. स्टेशनवरचे रिक्षावाले त्यांना पेट्रोलकाका म्हणत.

वहीत दोन रकाने होते. पहिल्या रकान्यात मोटारीत भरायचं ते. दुसऱ्या रकान्यात एका रसायनाचं नाव. ते दिसायला पाण्यासारखं, वासाला गोड, तेलाचा डाग क्षणात उडवणारं आणि माणसाच्या रक्ताला वाईट. दुसरा रकाना भरायला वेळ लागायचा. प्रवाशांना ते नाव ठाऊक नसायचं. मग मधुसूदनराव विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन जाडे कोश उघडत, नाहीतर दिल्लीच्या वकिलातींना कार्ड टाकत. जर्मनांचं बेन्झिन आणि बेन्झोल. डचांचं बेन्झिने आणि बेन्झेन. रशियनांचंही बेन्झिन, बेन्झोल. ग्रीकांचं व्हेन्झिनी आणि व्हेन्झोलिओ. एका फ्रेंच म्हाताऱ्यानं मोटारीत एसाँस भरतात असं सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं हा अत्तराचं बोलतोय. स्पेनच्या मुलीनं गासोलिना म्हटलं आणि ते खूश झाले. या भाषेत घोटाळा व्हायला जागा नाही, असं ते घरी येऊन बायकोला म्हणाले.

भानुमतीबाईंना यातलं काही कळत नव्हतं. त्या पोळ्या लाटता लाटता म्हणत, "अख्ख्या जगाकडे पेट्रोल मागता येतं तुम्हाला. घरात चहा हवा असला तर मात्र खाकरावं लागतं."

वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ मराठीची होती. पहिल्या रकान्यात पेट्रोल. दुसऱ्या रकान्यात एक शब्द लिहून खोडला होता, इतका की कागद फाटायला आला होता. त्यापुढं काही नव्हतं.

*

मधुसूदनरावांचे वडील निजामाच्या महसुली कचेरीत कारकून होते. फारसी-उर्दूत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मधुसूदन नऊ वर्षांचा, उर्दू तिसरीत. पुढं शाळेत मराठी आली आणि वडिलांच्या कचेरीतही. गल्लीतले लोक म्हणाले, लासूरकरांचं अर्धं आयुष्य रद्दीत गेलं. झालं उलटंच. जुने उर्दू कागद मराठीत कुणीतरी आणायलाच हवे होते. वडील ते गठ्ठे घरी आणत आणि मुलाला शेजारी बसवून उतरवून काढत.

त्यांची एक पद्धत होती. उतरवलेला कागद त्या दिवशी ते पुन्हा बघत नसत. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मूळ कागद डाव्या हाताला, मराठी उजव्या हाताला, आणि बोट ठेवून शब्दाला शब्द ताडून पाहत. ठिपका वर असला तर खुदा, खाली असला तर जुदा, असं ते म्हणत. एका नुक्त्यानं शेत याचं त्याला जातं. आपण कारकून. आपल्याला फक्त नुक्ता सांभाळायचाय.

मधुसूदननं ते सांभाळलं. इंटर झाल्यावर चिकलठाण्याच्या कारखान्यात भांडारात कारकून म्हणून लागला. पंपांचे व्हॉल्व्ह बनत तिथं. भाषेचा नाद मात्र सुटला नाही. पुण्याहून पोस्टानं येणाऱ्या धड्यांवर तो जर्मन शिकला. का शिकला, हे त्याला सांगता यायचं नाही. वडिलांना एक परकी भाषा येत होती, आपल्यालाही एक यावी, एवढंच असावं.

एकाहत्तर साली कारखान्यात जर्मनीहून ग्राइंडिंगचं यंत्र आलं. सोबत पुस्तक आलं तेही जर्मन. इंग्रजी मागाहून येईल असं कळवलं होतं, ते कधीच आलं नाही. मॅनेजरनं भांडारातल्या लासूरकरला बोलावलं. तीन आठवड्यांत त्यानं चाळीस पानं मराठीत आणली. रोज रात्रीच्या जेवणाआधी लिहायचं, दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर ताडायचं. एकही चूक निघाली नाही. मॅनेजरनं सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मराठीत यंत्राचं पुस्तक असलेला हा इथला पहिलाच कारखाना असेल, असं तो म्हणाला.

पुस्तकात एके ठिकाणी लिहिलं होतं, घासलेले भाग बेन्झिननं धुवावेत. मधुसूदननं कोश पाहिला. इंग्रजीत शब्द दिला होता, मधे आय असलेला. म्हणजे साधं डाग काढायचं, पेट्रोलच्या जातीचं तेल. मराठीत त्यानं लिहिलं, बेंझिन. बरोबर लिहिलं. धुलाई खात्यासाठी एक जाड पुठ्ठा घेतला आणि बोरूनं टपोऱ्या अक्षरांत पाच ओळी काढल्या. भाग जाळीच्या टोपलीत घ्यावेत. बेंझिनमध्ये ब्रशने धुवावेत. अशा.

महिन्याभरानं माल मागवायची वेळ आली. मुंबईच्या व्यापाऱ्याची इंग्रजी यादी समोर होती. मागणीपत्र भांडारातून जायचं, म्हणजे मधुसूदनच्याच हातून. त्यानं यादीवरून बोट फिरवलं. एका ओळीवर ते थांबलं. बेंझिन. मधे आयच्या जागी ई होता. त्यानं मनात मराठीतच वाचलं आणि मराठीत ते दोन्ही सारखेच. खूण केली. दोन पिंपांची मागणी गेली, आणि पुढंही दर वेळी तीच जात राहिली.

मागणीपत्र होतं, भाषांतर नव्हे. ते त्यानं दुसऱ्या दिवशी ताडलं नाही.

*

धुलाई खात्यात एकच माणूस होता. सांडू, करमाडचा. पंचविशीतला, काटक, बोलका. पिंपातलं पाण्यासारखं द्रव तो ट्रेमध्ये ओतायचा आणि दिवसभर उघड्या हातांनी व्हॉल्व्ह घासायचा. सुट्टी झाली की त्यातच हात धुवायचा. हात इतके साफ निघत की जेवणाच्या सुट्टीत तो ते इतरांना दाखवायचा. मॅनेजरच्या बायकोचे हात असे नसतील, म्हणायचा.

पुठ्ठा भिंतीवर लागला त्या दिवशी तो भांडाराच्या खिडकीशी आला.

"भाऊसाहेब, त्या पुठ्ठ्यात माझं नाव हाय का?"

"नाही."

"मंग काम माझं अन् नाव दुसऱ्याचंच व्हय?"

मधुसूदनला हसू आलं. सांडूला वाचता येत नव्हतं. पुठ्ठ्यावरच्या पाचही ओळी मुकादमानं त्याला तोंडपाठ करून दिल्या होत्या, पण त्या कुठं कुठं लिहिल्यात ते बघायची त्याला हौस होती. मग जेवणाच्या सुट्टीत दोघं पुठ्ठ्यासमोर बसायला लागले. मधुसूदननं शाळेतलं ठरलेलं काढलं, ब बदकाचा. सांडूनं मान हलवली.

"करमाडात बदक कुठलं आलं, भाऊसाहेब? प्यायला पानी नाय. ब बेंझिनचा म्हना."

तसंच ठरलं. सांडूनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द तो. वर्षभरात तो एस.टी.च्या पाट्या वाचायला लागला. दुसऱ्या वर्षी बायकोचं नाव, सारजा, लिहायला लागला. त्यातल्या जा चा काना त्याच्याकडून नेहमी सुटायचा. सारज. मधुसूदन लाल पेन्सिलनं काना द्यायचा आणि म्हणायचा, बायकोला अर्धी कशाला ठेवतोस.

"वास लई गोड हाय याचा," सांडू एकदा म्हणाला. "जिलबीच्या कढईपाशी उभं राहिल्यावानी वाटतं. संध्याकाळी डोकं मातूर जड व्हतं."

मधुसूदननं खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

चार वर्षं गेली. त्या काळात मधुसूदनला विचारलं असतं, आयुष्यात काय चांगलं केलंस, तर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या असत्या. यंत्राचं पुस्तक आणि सांडूची अक्षरं.

*

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात सांडू थकायला लागला. जिना चढताना बसायचा. अंगावर काही न लागता निळे डाग उठायचे. दात घासताना रक्त यायचं ते थांबायचं नाही. गावात अंगारा झाला, काढा झाला. शेवटी सारजाबाईनं त्याला घाटीच्या दवाखान्यात आणून भरती केलं.

तो तिथं असतानाच यंत्र बिघडलं आणि जर्मनीहून मिस्त्री आला. त्याला आणायला मधुसूदन ड्रायव्हरसोबत कारखान्याच्या जीपमधून गेला. खऱ्या जर्मन माणसाशी पहिल्यांदाच जर्मन बोलायचं म्हणून त्यानं आदल्या दिवशी वाक्यं घोटून ठेवली होती. जालना रोडवर मुकुंदवाडीच्या अलीकडं मिस्त्रीनं काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बेन्झिन घ्यायला हवं.

मधुसूदन हसला. त्याला वाटलं, मिस्त्री कामाचं बोलतोय. ते कारखान्यात आहे, दोन पिंपं, तो जर्मनमध्ये म्हणाला.

आता मिस्त्री हसला. त्यानं पेट्रोल पंपाकडे बोट केलं.

तोवर जीप पंपावर वळलीच होती. ड्रायव्हर पेट्रोल भरत होता. मधुसूदन नळीकडे बघत राहिला. त्याला कोशातला आय आठवला. मग व्यापाऱ्याच्या यादीतला ई आठवला. पैसे देऊन जीप निघाली. घोटून ठेवलेली वाक्यं तशीच राहिली.

धुलाई खात्यात मिस्त्री दारातच थांबला. नाक वर करून त्यानं हवा हुंगली. पुढं जाऊन पिंपाचं झाकण आवळलं, रुमालानं हात पुसला. बेन्झोल, तो म्हणाला. मग मधुसूदनला समजेल असं सावकाश बोलला. आमच्याकडे याला कुणी हात लावत नाही. रक्त बिघडतं. हे कोणी मागवलं?

मी बघतो, मधुसूदन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिंपं हलली. धुलाईला रॉकेल आलं. मधुसूदननं पुठ्ठा उतरवला आणि नवा केला. अक्षर तितकंच टपोरं. फक्त दुसऱ्या ओळीत बेंझिनच्या जागी रॉकेल. मुकादमानं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, हे स्वस्त पडतं.

तिसऱ्या दिवशी तो घाटीत गेला. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेला. सांडू झोपेत होता, ओठ कोरडे, कपाळावर घाम. सारजाबाई खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. हाडाच्या आत रक्त तयार होतं, ते व्हायचं थांबलंय, असं त्यानं मधुसूदनला सांगितलं. हा शिकलेला दिसला म्हणून त्यालाच विचारलं.

"कारखान्यात काय काम करतात हे? कशाला हात लागतो?"

"भाग धुतात."

"कशानं?"

मधुसूदनच्या तोंडाशी दोन शब्द होते. नोकरी, मॅनेजर, थोपटलेली पाठ, वडिलांचं ताडून पाहणं, सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं.

"रॉकेलनं," तो म्हणाला.

आदल्या दिवसापासून ते खरंही होतं. डॉक्टरनं लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. सारजाबाईनं एकदा मान वर करून मधुसूदनकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

सांडू अठरा दिवसांनी गेला. बोललो असतो तरी तो वाचला नसता, असं मधुसूदनराव पुढं स्वतःला सांगत. डॉक्टरांच्या पुस्तकातूनही त्यांनी ते शोधून काढलं. त्यात तसं लिहिलं होतं, बहुधा वाचत नाहीत. या बहुधावर त्यांनी पंचवीस वर्षं काढली.

*

वही त्याच वर्षी सुरू झाली. आधी त्यांना फक्त पाहायचं होतं की हा खड्डा कुठं कुठं आहे. मग त्यांनी मनाशी ठरवलं, युरोपातल्या सगळ्या भाषा झाल्या की करमाडला जायचं आणि सारजाबाईला सांगायचं. पुरावा हातात असला म्हणजे सांगणं सोपं जाईल. एवढ्या भाषांत हे दोन शब्द असे चिकटून आहेत, मोठमोठी माणसं चुकतील, असं दाखवता येईल.

भाषा संपत नव्हत्या. पोलिश झाली की चेक. चेक झाली की स्लोव्हाक. युगोस्लाव्हिया फुटल्याची बातमी आली तेव्हा पेपर वाचता वाचता त्यांना बरं वाटलं. रशियाचे तुकडे झाले तेव्हाही. लाट्व्हियाच्या माणसाला औरंगाबादला यायला निदान दोन-तीन वर्षं तरी लागतील.

ग्रंथालयातल्या एका कोशात त्यांना या शब्दाचं मूळ सापडलं. लोबान. अरब व्यापारी जावा बेटाच्या लोबानाला लुबान जावी म्हणत. युरोपातल्या लोकांना वाटलं, सुरुवातीचं लु म्हणजे इंग्रजीतल्या द सारखं नामाआधी लागणारं उपपद असेल. त्यांनी ते कापून टाकलं. उरलेल्या बान जावीचं होता होता बेन्झोइन झालं आणि त्यातून हे सगळे निघाले. मधुसूदनरावांनी कोश मिटला. सिटी चौकातून घरी येताना अत्तराच्या दुकानात लोबान जळत होता. रोज जळायचा. ते तिथं बराच वेळ उभे राहिले. शब्दाचा जन्मच कुणाच्या तरी ऐकण्याच्या चुकीतून झाला होता. हे सारजाबाईला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. मग लगेच दुसरं आलं. चूक पाचशे वर्षांची असेल. रॉकेल म्हणालो ते मी.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांनी भानुमतीबाईंना सांगितलं. दुपारची वेळ होती. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, पूर्ण ऐकलं. रागावल्या नाहीत. इतकी वर्षं नवरा रविवारी कुठं जातो याचा अर्थ त्यांना आता लागत होता. मग त्यांनी विचारलं, किती भाषा राहिल्या?

"अल्बेनियन राहिलीय. आणि माल्टाची."

"सारजाबाईंचं वय काय असेल?"

"पन्नाशी उलटली असेल."

"मग माल्टाची राहू द्या," भानुमतीबाई म्हणाल्या.

*

ते फेब्रुवारीत गेले. मुकुंदवाडीच्या नाक्यावरून करमाडची एस.टी. मिळाली. शेंद्र्याच्या शेतांतून नवे रस्ते आखलेले दिसत होते, कारखान्यांच्या पाट्या लागल्या होत्या. वही पिशवीत होती.

सारजाबाईनं त्यांना ओळखलं. ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती, तशीच उठली. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. लेक वच्छला सासरी असते, तिला दोन मुलं, असं तिनं सांगितलं. पाणी दिलं. मग आत जाऊन एक जुनी शाळेची वही घेऊन आली. कोपरे उंदरांनी खाल्लेले.

"तुमच्यापायी त्यांना लिव्हता आलं," ती म्हणाली. "पोरगी शाळंत जायच्या आधी ब बेंझिनचा म्हनायची. मास्तर हसले तिला."

मधुसूदनरावांनी पान उलटलं. ब. ब. ब. मग बेंझिन, पानभर, वाकडं, नंतर सरळ. मग सारज, सारज, सारज. प्रत्येकावर त्यांच्याच हातचा लाल काना. शेवटच्या पानावर काना सांडूनं स्वतः दिला होता. तिथं लाल खूण नव्हती.

त्यांनी वही मिटली आणि सांगितलं. यंत्राचं पुस्तक, कोश, यादी, आय आणि ई. पेट्रोल पंप. मिस्त्री. नवा पुठ्ठा. आपली वही त्यांनी पिशवीतून काढली, पण उघडली नाही. सारजाबाई तूर निवडत ऐकत होती. खडा सापडला की ओसरीखाली टाकत होती.

"एका अक्षराचा घोळ झाला," ते शेवटी म्हणाले. "माझ्या हातून."

"ते मला काय कळायचं नाय, भाऊसाहेब. अक्षरं तुमची." तिनं सूप हलवलं. "पर तुम्ही डागदरला रॉकेल म्हनलात."

मधुसूदनरावांनी तेवढंच सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं होतं की राखून ठेवलं होतं, त्यांनाही कळलं नसतं.

"तुम्हाला आठवतं?"

"मी खाटंपाशीच व्हते की. रॉकेलचा वास मला ठाव नाय व्हय? चार वर्सं त्यांचे कपडे मी धुतले. रॉकेल नव्हतं ते. त्याला गोडा वास यायचा. बेंझिन म्हंजे तेच, हे मला कुठं ठाव व्हतं; आमी घरात त्याला गोडं रॉकेल म्हनायचो. चुलीतलं ते रॉकेल, अन् बाबाच्या अंगाचं ते गोडं रॉकेल. पोरगी बी तसंच म्हनायची."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

हा प्रश्न तोंडातून गेल्यावर त्यांना त्याची लाज वाटली. सारजाबाईला तो वावगा वाटला नसावा. तिनं सरळ उत्तर दिलं.

"तुम्ही शिकल्याले. तुम्ही म्हनल्यावर मी काय बोलू? मला वाटलं, खरं नाव रॉकेलच असंल, आमीच अडानी गोडं म्हनत असू." तिनं एक खडा ओसरीखाली टाकला. "मागून लई वर्सं वाटायचं, आपुन बोलायला पायजे व्हतं. डागदरला म्हनायला पायजे व्हतं, त्याला गोडा वास येतो म्हनून. झोप यायची नाय. मंग म्हनायचे, भाऊसाहेब खोटं कशापायी बोलतील."

तिनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि रस्त्याकडे बघत, त्यांच्याशी नव्हे असं, म्हणाली,

"म्हंजे माझं बरोबर व्हतं."

मधुसूदनरावांना वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून ते आले होते. याची नव्हती. आपण एकटेच ते ओझं वाहतोय असं त्यांना पंचवीस वर्षं वाटत होतं. त्यातलं निम्मं त्यांनी त्या दिवशी खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ती ते तिचंच समजून वाहत होती.

ते उठले. चुकलो, एवढं म्हणाले. सारजाबाई म्हणाली, पाच वाजताची गाडी भरून येते, आताची धरा. चहा झाला नाही. ती विसरली की तिनं केला नाही, हे त्यांनी मनात घोळवलं नाही. दारापर्यंत ती आली. सांडूची वही तिनं हातात घट्ट धरली होती.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी वही उघडली. सत्तावीस भाषांच्या माणसांना त्यांनी विचारलं होतं, कपाळाशी हात नेऊन, उच्चार दोनदा म्हणवून घेऊन. दोन शब्द वेगळे ठेवणारी एक भाषा पंचवीस किलोमीटरच्या आत होती. चुलीपाशी बोलली जात होती. तिथं विचारायला ते कधी गेले नव्हते.

पहिल्या पानावर, खोडलेल्या शब्दापुढं, हलत्या गाडीत त्यांनी लिहिलं, गोडं रॉकेल. अक्षर टपोरं आलं नाही.

घरी पोचल्यावर भानुमतीबाईंनी पिशवी घेतली. चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मधुसूदनराव ओल्या अंगानंच वहीशी बसले. डाव्या हाताला ठेवायला मूळ कागद नव्हता. तरी त्यांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू, अक्षराला अक्षर, सरकवत नेलं. मग पुन्हा सुरुवातीला आणलं.

रविवारी सायकल भिंतीलाच टेकलेली होती.